कार्यालयीन वेळेतले 'तुम्ही'

घरातले एक सर्वनाम बदलायचे, एवढाच माझा निर्णय होता. भिंत पाडायची नव्हती, दाराला कडी बसवायची नव्हती, कोणाला दुखवायचे तर मुळीच नव्हते. कार्यालयीन वेळेत मी आणि माझा नवरा एकमेकांना 'तू' न म्हणता 'तुम्ही' म्हणू आणि वेळ संपली की पुन्हा 'तू'वर येऊ, इतकी ती साधी, बिनखर्चाची आणि (मला तेव्हा वाटले त्याप्रमाणे) शास्त्रशुद्ध योजना होती. भाषाशास्त्रात माझे पदव्युत्तर शिक्षण झाले आहे. त्या शिक्षणाचा संसारात काही उपयोग होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. पण त्या सकाळी मला तशी आशा होती.

मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. नवा मिक्सर किंवा नवी इस्त्री यांच्या खोक्यातून जी पुस्तिका निघते आणि जी आपण 'नंतर निवांत वाचू' असे म्हणून एका खणात ठेवतो, ती मी लिहिलेली असण्याची शक्यता बरीच आहे. माझे वाक्य चुकत नाही. ते कोणी वाचत नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

नवरा सायंकालीन महाविद्यालयात भूगोल शिकवतो. म्हणजे मी सकाळी कार्यालयाकडे निघायचे तेव्हा तो झोपलेला, आणि तो रात्री परतायचा तेव्हा माझे डोळे मिटत आलेले. रविवार सोडला तर आमचा संसार पहारेकऱ्यांसारखा चालला होता. एकाने किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि निघायचे. मध्यंतरी त्याने दाढी राखली आणि काढली, हे मला सासूबाईंकडून कळले. (तो म्हणतो, ही अतिशयोक्ती आहे. दाढी होती, हे मात्र तो नाकारत नाही.) तेव्हा घरून काम करण्याची परवानगी मी मागितली ती बसच्या प्रवासाला कंटाळून नव्हे, तर नवऱ्याला दिवसाउजेडी पाहता यावे म्हणून. अर्जात अर्थातच 'एकाग्रतेसाठी' असे लिहिले.

आमच्या मुख्य संपादिकांना कार्यालयात सगळे 'पूर्णविराम' म्हणतात. त्यांच्या बोलण्यानंतर कोणालाही काही बोलता येत नाही, म्हणून. पूर्णविरामांनी परवानगी दिली, पण चाचणीपुरती. एका कंपनीचे कपडे धुण्याचे नवे यंत्र बाजारात यायचे होते. ते माझ्या घरी पाठवण्यात येईल, मी ते पाहून, वापरून पुस्तिका लिहावी. पुस्तिका चांगली झाली तर घर कायम, नाहीतर पुन्हा कार्यालय. यंत्र आले. न्हाणीघराबाहेरच्या बोळात ते बसवले, त्याची सांडपाण्याची नळी मोरीत सोडून तिथल्या आकड्याला दोरीने बांधली आणि मी आतल्या खोलीत टेबल लावून कामाला बसले.

आणि दार उघडले.

"तू कामात आहेस का?" नवऱ्याने विचारले.

"हो."

"बरं, मग पटकन सांगतो."

तो नकाशांचे पुस्तक घेऊन आला होता. एक नदी समुद्राला न मिळता वाळवंटातच कशी जिरून जाते, हे त्याला मला दाखवायचे होते. नदी खरोखर विलक्षण होती. ती जिरली तेव्हा जेवायची वेळ झाली होती.

सासूबाईंचा दृष्टिकोन आणखी स्पष्ट होता. संगणकासमोर बसलेला माणूस म्हणजे रिकामा बसलेला माणूस. "नुसती बसलीच आहेस तर एवढ्या सुईत दोरा ओवून दे." "नुसती बसलीच आहेस तर दूध उतू जाईल, तेवढं बघ." मी दूध बघत होते, दोरे ओवत होते, नद्या जिरवत होते, आणि या सगळ्यांच्या फटींतून पुस्तिका लिहीत होते.

पहिला मसुदा परत आला. त्यावर पूर्णविरामांच्या अक्षरात एवढेच होते : 'वाक्ये बरोबर. माणूस कुठे आहे. सोमवारी बोलू.'

मला राग आला. माहितीपुस्तिकेत माणूस नसतोच. तिथे वापरकर्ता असतो. 'यंत्र समतल पृष्ठभागावर स्थापित करावे' या वाक्यात माणूस कोठे बसवणार? पण सोमवारच्या बोलण्यावर माझे घर अवलंबून होते, आणि मसुदा सुधारायला सलग वेळ हवा होता. म्हणून मी चहा घेताना नवऱ्यासमोर सर्वनामाचा प्रस्ताव मांडला.

"म्हणजे मी तुला अहो म्हणायचं?"

"मीही तुला म्हणणार. परस्पर आहे."

"याने काय होईल?"

"अंतर निर्माण होईल. 'तू' म्हटलं की माणूस दार ढकलून आत येतो. 'तुम्ही' म्हटलं की तो आधी टकटक करतो."

त्याने थोडा विचार केला. "आणि वेळ संपल्यावर?"

"संपल्यावर तू."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि उठताना कपाकडे बोट दाखवून पुढे म्हणाला, "तुमचा झाला असेल तर नेऊ का?"

योजना इतकी यशस्वी झाली की मी स्वतःच चकित झाले. 'माझा मोजा कुठे टाकलास' हे वाक्य 'आपण माझा मोजा कोठे ठेवला आहे' असे करायला घेतले, की ते पूर्ण होण्याआधी विचारणाऱ्यालाच मोजा सापडतो. नदी दाखवण्यासाठी 'आपल्याला सवड आहे का' असे विचारावे लागते आणि 'नाही' हे उत्तर ऐकून, मान लववून परत जावे लागते. नवरा मान लववून परत जाऊ लागला. घरात शांतता पसरली. जेवायला आम्ही समोरासमोर बसायचो तेव्हाही वेळ कार्यालयीनच असल्याने, दोन शेजारी देशांच्या प्रतिनिधींसारखे वागायचो.

"मीठ इकडे सरकवता का?"

"अवश्य."

"आभारी आहे."

मीठ सरकायचे. संभाषण संपायचे. (ज्याला उजेडात पाहण्यासाठी एवढा खटाटोप केला, तो माणूस समोर बसून माझे आभार मानत होता, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. पण मसुदा पुढे सरकत होता, आणि मसुदा सरकत असला की मला बाकीचे दिसत नाही.)

एक त्रुटी राहिली होती. या कराराची माहिती आम्ही सासूबाईंना दिली नव्हती. चहाच्या वेळी त्या झोपल्या होत्या आणि त्या मला 'तू'च म्हणतात, तेव्हा त्यांचा यात संबंध येत नाही, असे मी गृहीत धरले. त्यांनी दोन दिवस आमचे जेवणातले संवाद ऐकले आणि तिसऱ्या दिवशी मुलाला स्वयंपाकघरात गाठले. ते बोलणे मला नंतर त्याच्याकडून शब्दशः कळले.

"काय केलंस तू?"

"कुठे काय केलं?"

"ती तुला तुम्ही म्हणते."

"मग मीही तिला म्हणतो."

"म्हणजे दोघांचंही बिनसलंय."

"अगं आई, बिनसलं नाही. तसा नियम आहे."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "नियमापर्यंत गेलं?"

"तिच्या कामाच्या वेळेपुरताच आहे."

"सुरुवात अशीच होते. तुझे वडील मला जन्मात दोनदा अहो म्हणाले. दोन्ही वेळा मी बॅग भरून दारात उभी होते."

त्याने आईला समजावून सांगितले, असे तो म्हणतो. पण सासूबाईंचे बोलणे त्याच्या मनात घर करून राहिले, हेही तो मान्य करतो. "माझा 'तुम्ही' नाटकातला होता," तो मला नंतर म्हणाला. "तुझा खरा वाटायला लागला होता."

सासूबाईंनी उपायही सांगितला होता. रुसलेल्या बायकोची समजूत शब्दांनी निघत नाही. तिला न सांगता घरातले एखादे मोठे काम उरकून टाकावे. "सगळ्या चादरी धू. एवढं मशीन आणून ठेवलंय ते काय शोभेला?" सोमवारी सकाळी मी बैठकीला बसले की धुवायच्या, म्हणजे बैठक संपवून मी बाहेर येईन तेव्हा चादरी वाळत असतील, असे माय-लेकाचे ठरले. मला यातले काही माहीत नव्हते. मी त्या वेळी 'समतल'ऐवजी 'सपाट' लिहावे काय, या विचारात होते.

सोमवार उजाडला. मी दार लावून पडद्यासमोर बसले. पूर्णविरामांचा चष्मा आणि कपाळ दिसू लागले. (खालचा चेहरा त्या कधी दाखवत नाहीत.)

"मला सलग बोलायचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज बंद ठेवा."

मी बटण दाबून आवाज बंद केला. त्या बोलू लागल्या. सुधारलेला मसुदा पहिल्यापेक्षा अधिक अचूक आहे. आणि तितकाच थंड आहे. कार्यालयात असताना निदान माझ्या शेजारी चार माणसे बसत होती, त्यांच्या बोलण्याचा वारा कधीतरी वाक्याला लागायचा. घरात राहून मी अगदीच कागदी झाले आहे. "म्हणून तुमच्या परवानगीबाबत माझं मत असं होत चाललं आहे की..."

दारावर टकटक झाली.

मी पडद्याकडे पाहत हातानेच 'नको' असे खुणावले. दार अदबीने किंचित उघडले.

"क्षमा असावी," नवरा म्हणाला. "आपण बैठकीत आहात, याची कल्पना आहे. एक बाब केवळ नजरेस आणून द्यायची होती."

आमचे बोलणे पूर्णविरामांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तत्परतेने आवाज बंद करण्याचे बटण दाबले. (आवाज आधीच बंद होता. बंद असलेल्या आवाजाचे बटण पुन्हा दाबले की तो सुरू होतो. अशा बटणांविषयी मी आजवर अनेक पुस्तिकांतून वापरकर्त्यांना सावध केले आहे.)

"जेवणाच्या सुट्टीत सांगा," मी म्हणाले.

"सांगितलं असतं. परंतु तोपर्यंत बाब आपल्या खोलीत पोचेल, असा अंदाज आहे."

"कोणती बाब?"

"प्रवाह. सध्या बोळातून पूर्वेकडे वाहतो आहे. आपल्या घराच्या फरशीला या खोलीच्या दिशेने उतार आहे, हे माझ्या आजच लक्षात आलं. उतार अगदी मंद आहे, पण सातत्य..."

माझ्या पायांना काहीतरी गार लागले. खाली पाहिले तर साबणाच्या फेसाचा एक पांढरा किनारा टेबलाच्या पायापर्यंत आला होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर, जमिनीवर, संगणकाच्या वायरी लावलेला विजेचा बोर्ड होता.

मी वायरींसकट बोर्ड उचलून टेबलावर घेतला. पुढचे सगळे माझ्या तोंडून निघाले ते कोणत्या सर्वनामात निघाले, याकडे माझे लक्ष नव्हते.

"अरे गाढवा, बघत काय उभा राहिलास? मशीन चालू आहे का अजून?"

"आहे."

"मग बंद कर. थांब, ओल्या हातानं जाऊ नकोस. हात पूस. चप्पल घाल, रबराची. आता भिंतीवरचं बटण बंद कर. मशीनचं नाही रे, भिंतीवरचं. झालं? आता नळ. उजवीकडे फिरव."

"माझ्या उजवीकडे?"

"तू नळाकडे तोंड करून उभा आहेस ना? मग तुझ्या उजवीकडे. घट्ट होईपर्यंत. दार उघडू नकोस, आत पाणी आहे, सगळं अंगावर येईल. आधी खालची नळी बघ. मोरीत आहे का ती?"

"नाही," बोळातून आवाज आला. "फरशीवर आहे."

"फरशीवर कशी आली? बांधलेली होती."

"मी सोडली."

"का?"

"तू लिहिलंयस म्हणून."

तो पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेल्या अवस्थेत खोलीच्या दारात आला. त्याच्या हातात माझ्या सुधारलेल्या मसुद्याचे पान होते. त्याने ते, वर्गात वाचतात तसे, खणखणीत वाचून दाखवले : "'यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी निःसारण नलिका मुक्त असल्याची खातरजमा करावी.' नलिका बांधलेली होती. मी मुक्त केली."

या वाक्यातील 'मुक्त' म्हणजे 'न तुंबलेली'. संदर्भ स्पष्ट होता. निदान मला तो गेले दोन आठवडे स्पष्ट वाटत होता.

तेवढ्यात सासूबाई हातात फरशी पुसायचे फडके आणि चेहऱ्यावर अपार समाधान घेऊन आल्या. "गाढवा म्हणाली ना तुला?"

"म्हणाली."

"मिटलं म्हणायचं." त्यांनी फडके माझ्या हातात दिले. "ओरड हो, हवं तेवढं ओरड. मी काही मध्ये पडायची नाही. ते अहो-जाहो ऐकून माझं जेवण जात नव्हतं."

"आई, आमचं भांडण झालंच नव्हतं."

"आता झालं ना. बरं झालं."

नवऱ्याकडे माझी नजर गेली. तो भिजलेला होता, त्याच्या कोपराला फेस लागला होता आणि तो खोलीच्या मधोमध, घड्याळात भर कार्यालयीन वेळ दाखवत असताना, कशाचीही परवानगी न मागता उभा राहून हसत होता. मीही हसले. किती दिवसांनी, ते मोजले नाही.

मग टेबलाकडून कोणीतरी घसा खाकरला.

पडद्यावर कपाळाच्या खाली नाक आणि तोंडही दिसत होते. पूर्णविराम पुढे झुकून काहीतरी भराभर लिहून घेत होत्या. मी घर गमावले आहे, हे मला स्पष्ट दिसले. आणि गमावल्यावर ते मला नेमके कशासाठी हवे होते, हेही त्याच क्षणी आठवले.

"मॅडम, मी दिलगीर आहे. आवाज बंद आहे, असं मला..."

"भिंतीवरचं बटण, त्यानंतर नळ. त्याच्या आधी काय म्हणालात?"

"कधी?"

"चपलेचं."

"रबराची चप्पल घाल. हात पूस."

"हात आधी की चप्पल आधी?"

"हात आधी."

त्यांनी ते लिहिले. "तुमचे यजमान आहेत का तिथे? त्यांना विचारा, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळलं का पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा नाही," नवरा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "नळाकडे तोंड करून, असं ती म्हणाली तेव्हा कळलं."

"बरोबर." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "तुम्ही दोन मसुदे पाठवलेत. ते वाचून या गृहस्थांनी घर बुडवलं. मग तुम्ही ओरडलात, आणि त्याच गृहस्थांनी सगळं बिनचूक केलं. आता जे बोललात ते जसंच्या तसं लिहून पाठवा. 'तू'चं 'तुम्ही' करा. 'गाढवा' तेवढं काढा."

"आणि परवानगी?"

"कार्यालयात तुम्ही असं कोणावर ओरडाल का?"

"नाही."

"मग घरीच राहा."

त्या दिवशी फरशी ओली होती, म्हणून आम्ही पाय खुर्चीवर घेऊन जेवलो. मीठ कोणी मागितले नाही; त्याने माझ्या ताटात हात घालून घेतले. दुपारी मी पुस्तिका लिहिली. 'निःसारण नलिका' गेली आणि 'पाणी बाहेर टाकणारी नळी मोरीत सोडा आणि घट्ट बांधा' असे आले. ते वाक्य लिहिताना मला विद्यापीठातले माझे प्राध्यापक आठवले, आणि त्यांच्याकडे पाठ करून मी ते पूर्ण केले.

सर्वनामाचा करार रद्द झाला. त्याच्या जागी जो नवा नियम आला तो भाषाशास्त्रात बसत नाही, पण चालतो. माझे दार बंद असेल तर ते जेवणाच्या वेळी उघडते, आणि तोपर्यंत बाहेर काही वाहत असेल तरच वाजवायचे. जेवताना कामाविषयी अवाक्षर काढायचे नाही. नद्या चालतात. सासूबाईंनाही हा नियम सांगितला, आणि त्यांनी तो दोनदा विचारून खात्री करून घेतली की त्यात कोणी कोणाला अहो म्हणणार नाही.

पूर्णविरामांची अट तेवढी वेगळी होती. इथून पुढे माझी प्रत्येक पुस्तिका छापण्याआधी माझ्या नवऱ्याने त्यांच्यासमोर वाचायची आणि ती वाचून यंत्र चालवून दाखवायचे. त्याला त्यांनी 'चाचणी-वापरकर्ता' असे पद दिले. हे पद त्याने इतके मनावर घेतले, की हल्ली बैठकीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालतो.

गेल्या आठवड्यात विजेच्या शेगडीची पुस्तिका होती. तो माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसला. मी स्टूल घेऊन स्वयंपाकघरात बसले. माझ्या नुसत्या भुवया हलल्या तरी त्याच्या वाचनावर परिणाम होतो, म्हणून पूर्णविरामांनी मला खोलीबाहेरून, फोनवरून हजर राहायला आणि आवाज बंद ठेवायला सांगितले. त्याने पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, शेगडी पेटवली, विझवली, पुसली. कुठेही अडला नाही. माझ्या आयुष्यात एका माणसाने माझी पुस्तिका पूर्ण वाचल्याचे ते पहिलेच उदाहरण होते.

पूर्णविराम प्रसन्न झाल्या. त्यांनी मनापासून अभिनंदन केले. त्याचे.

"किती छान समजून घेता हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

त्याचे निम्मे श्रेय लिहिणाऱ्या व्यक्तीकडे जाते, अशा अर्थाची दोन वाक्ये मी आदल्या रात्रीच तयार करून ठेवली होती. ती मी सावकाश, स्पष्ट उच्चारांत आणि व्याकरणाची एकही चूक न करता पूर्ण बोलले. आवाज बंद होता.